जुनी हिमालयन: आधी सांधे बघा, मग इंजिन

माझी रॉयल एनफिल्डची मोटरसायकल, हिमालयन ४११, आता ८०,००० किलोमीटरच्या पुढे गेलीय. मी जनावरांची डॉक्टर, त्यामुळे त्यातला बराचसा पल्ला जावळी आणि पाटणच्या वाड्यावस्त्यांवरचा. पावसाळ्यात तांबडा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. २०२३च्या अखेरीस हिमालयन ४५० आल्यापासून जुन्या ४११ सेकंडहँड बाजारात भरपूर दिसतात, आणि घेणारा पहिल्यांदा विचारतो, "इंजिनचं काम झालंय का?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा. हे इंजिन साधं आहे, वेळेवर तेल मिळालं की निमूट पळतं. झिजतात ते सांधे, जिथे सर्व्हिसिंगवाल्याचा हात सहसा पोचतच नाही.

सुरुवात मागच्या लिंकेजपासून, म्हणजे मागचा शॉक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) यांना जोडणाऱ्या दुव्यांपासून. मोनोशॉकच्या (मागच्या एकुलत्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) खाली, मागच्या चाकाच्या बरोबर पुढ्यात हे बसलेलं असतं, म्हणजे चाकाने उडवलेला सगळा चिखल याच्या तोंडावर. गाडी मेन स्टँडला लावा, मागचं टायर दोन्ही हातांनी धरून सरळ वर उचला. शॉक दबायच्या आधीच हाताला "टक्" असं लागलं, तर लिंकेजच्या बेअरिंगमध्ये नाहीतर शॉकच्या बुशमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. लंगडणाऱ्या बैलाचा पाय जसा दाबून बघावा लागतो तसंच हे, नुसतं लांबून बघून कळत नाही. मग चाक आडवं हलवा. तिथे प्ले असेल तर स्विंगआर्मचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा संशय धरा.

प्ले नसला तरी दरवर्षी दिवाळीच्या आसपास मी लिंकेज उघडतेच. चाकाखाली लाकडी फळी सारायची, म्हणजे बोल्ट काढताना स्विंगआर्म खाली आदळत नाही. कुठला बोल्ट कोणत्या बाजूने घातलाय, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खाली जुनी चादर अंथरा, कारण आतल्या स्लीव्ह (बेअरिंगमधल्या लोखंडी नळ्या) निघाल्या की बेअरिंगच्या बारीक सुया निसटून पडू शकतात आणि फरशीवर त्या सापडत नाहीत. निघालेलं ग्रीस बोटांत चोळून बघा. नुसतं काळं असेल तर ठीक, चहाच्या रंगाचं झालं असेल तर आत पाणी गेलंय. स्लीव्ह डिझेलने धुवा, पुसा, नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर स्लीव्ह आणि बेअरिंग जोडीने बदला. खड्डा पडलेल्यावर नवं ग्रीस चोपडणं म्हणजे पैसे वाचवल्याचं समाधान, बाकी काही नाही. ग्रीस वॉटरप्रूफ घ्या, सुयांच्या फटींत बोटाने दाबून भरा. बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या मापाने आवळा, आणि पहिली खराब रस्त्याची फेरी झाल्यावर पुन्हा तपासा.

पुढे कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. मेन स्टँडवरच कुणाला तरी मागे दाबून धरायला सांगा, पुढचं चाक अधांतरी होईल. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, मग हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेटमध्ये खळी पडलीय. आवळून ती जात नाही. बदलायचाच तर टेपर रोलर बेअरिंग टाकून घ्या.

आणि एक विनंती: वॉशिंग सेंटरला गेलात तर त्या पोऱ्याला कोनसेट, लिंकेज आणि चाकांच्या बेअरिंगवर प्रेशर मारू देऊ नका. सील पाऊस अडवतं, प्रेशरचा फवारा नाही. मी घरी बादली आणि ब्रशनेच धुते.

आता इंजिन. १५डब्ल्यू-५० तेल. कंपनीपेक्षा लवकर, ५,००० किलोमीटरलाच मी बदलते, कारण माझं चालवणं बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरचं. जुना ऑइल फिल्टर फेकायच्या आधी त्याच्या घड्या उलगडा. बोटांना टोचतील अशा चकाकत्या कपच्या दिसल्या तर गाडी आधी मेकॅनिककडे. मधल्या काळात काचेतून तेलाची पातळी बघत राहा, जुनं इंजिन थोडं तेल पितं.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावूनच सेट करा. "आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट ठीक" असं मेकॅनिक म्हणाला तर मानू नका. ढिला टॅपेट खडखडतो तरी. घट्ट झालेला गप्प राहून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जाळतो. सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल तर आधी इथे बघा.

चेन रॉकेलने धुवा, पेट्रोलने नको, ओ-रिंग खराब होतात. वरून ९० नंबरचं ऑइल, आतल्या बाजूने, आणि ज्यादाचं पुसून टाका. मागच्या स्प्रॉकेटवर चेन पाठीमागे ओढून दातापासून सुटते का बघा. सुटत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी. स्पोकवर पान्याने हलकं टकटक करत जा, बाकीच्यांसारखा खणखणीत न वाजणारा स्पोक ढिला. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर ओल्या घाटात धरत नाही. गिअर टाकला की इंजिन बंद पडतंय? इसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) खर्च ऐकायच्या आधी साइड स्टँडच्या स्विचमधला चिखल काढा.

क्लच केबल लिव्हरपाशीच एकेक तार तुटत जाते, म्हणून महिन्यातून एकदा तिथलं रबर सरकवून बघा. नवी केबल डिकीत ठेवण्यापेक्षा जुनीच्याच वाटेने बाजूला ओवून, दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून झिप टायने बांधून टाका. रानात तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते.