ताबा ठरवायला बसण्याआधी: घड्याळातली वेळ लिहून न्या

घटस्फोटानंतर मुलगी कधी कुणाकडे राहील ते ठरवणाऱ्या आमच्या पहिल्या आराखड्यात एक ओळ होती: ‘दर शुक्रवारी संध्याकाळी मुलगी बाबांकडे जाईल.’ दोन वकील, मुलीचं म्हणणं ऐकून बैठकीत मांडणारा एक बालतज्ज्ञ आणि आम्ही दोघं, अशा पाच जणांनी ती वाचली आणि कुणालाच काही खटकलं नाही. माझी संध्याकाळ पाचला होत होती, त्याची कामावरून सुटल्यावर, म्हणजे साडेसातच्या पुढे. पहिल्याच शुक्रवारी मुलगी पाच वाजता बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशी बसली. सहाला मी म्हटलं, बूट काढ. ती नाही म्हणाली. पावणेआठला तो आला तेव्हा ती दप्तरावर डोकं टेकून झोपली होती, एक बूट पायातून निघालेला. त्याच्या हिशेबाने तो वेळेवर आला होता, माझ्या हिशेबाने पावणेतीन तास उशिरा, आणि कागद दोघांनाही बरोबर म्हणत होता. नंतर सगळं पुन्हा उघडून बसावं लागलं. तेव्हा जी तयारी केली, ती पहिल्यांदाच करायला हवी होती. तीच इथे लिहिते आहे.

आधी हा रस्ता तुमचा आहे का ते बघा. कोलॅबरेटिव्ह घटस्फोट म्हणजे दोघांनी आपापल्या वकिलासह कोर्टाबाहेर एकत्र बसून समझोता करायचा. ही पद्धत स्टुअर्ट वेब या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या वकिलाने १९९०मध्ये सुरू केली. त्याने कोर्टात भांडणं सोडून फक्त समझोत्याचं काम करायचं ठरवलं. पद्धतीचा कणा म्हणजे सुरुवातीला सही होणारा सहभाग करार: बोलणी फिसकटून कुणी कोर्टात लढायला गेलं, तर दोन्ही वकील बाजूला होतात. म्हणजे नवा वकील, नवी फी, सगळी कहाणी पहिल्यापासून. हे कलम सहीच्या आधी दोनदा वाचा, आणि बोलणी मोडली तर आपण काय करणार हेही ठरवून ठेवा. घरात मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक असं काही असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत, एकटं असताना सांगा. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर बसून मुलाबद्दल मोकळेपणी बोलता येत नाही. तिथे ही पद्धत नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

वकील या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलाच हवा. नुसता ‘मी समझोते करून देतो’ म्हणणारा चालणार नाही. उत्पन्नाचे, घराचे, शाळेचे, दवाखान्याचे कागद न्यायचेच. काही लपवू नका. इथे मागितल्याशिवायच सगळं समोर ठेवायचं असतं. एक गोष्ट दडवलेली सापडली की पुढच्या प्रत्येक वाक्यावर संशय येतो.

आता खरं काम. बसण्याआधी दोन आठवडे मुलाचा दिवस लिहून काढा. किती वाजता उठतं, कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, अभ्यास कुठे होतो, किती वाजता झोपतं. ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘जेवणानंतर’ असं लिहू नका. आकडा लिहा. तुमची सुटायची वेळ लिहा आणि समोरच्यालाही त्याची लिहून आणायला सांगा. आम्ही दोघांनी हे केलं असतं तर पाच आणि साडेसात पहिल्याच बैठकीत शेजारी शेजारी दिसले असते.

वेळापत्रकाचे नमुने तिथे दाखवतील तेव्हा फक्त दिवस मोजू नका, मूल किती वेळा हातातून हातात जातं तेही मोजा. दोन-दोन-तीन पद्धतीत मूल दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, तीन पुन्हा पहिल्याकडे, आणि पुढच्या आठवड्यात उलट. कुणापासूनही तीन दिवसांहून जास्त दूर राहत नाही, म्हणून लहान मुलांसाठी ती सुचवली जाते. पण पंधरवड्यात सहा वेळा ने-आण होते. दोन-दोन-पाच-पाचमध्ये (दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, मग पाच-पाच) चार वेळा, एकाआड एक आठवड्यात दोनच वेळा. दिवस तिन्हींत सारखेच, सात आणि सात. पंधरवड्याला सहा म्हणजे वर्षाला जवळपास दीडशे ने-आणी होतात, आणि त्यातल्या प्रत्येकीला ठरलेली वेळ लागते. म्हणून प्रत्येक ने-आणीसाठी चार गोष्टी लिहून न्या: किती वाजता, कुठे, कोण आणणार, आणि उशीर झाला तर किती वाजेपर्यंत थांबायचं. शाळेच्या दारात अदलाबदल जमली तर उत्तम. तिथे वेळ घंटा ठरवते आणि मोठ्यांना समोरासमोर यावं लागत नाही. ‘सोयीनुसार’, ‘परस्पर संमतीने’, ‘साधारण’ हे शब्द मसुद्यात दिसले की पेन्सिलीने गोल करा. आज दोघं समजुतीने बोलताय म्हणून ते शब्द निरुपद्रवी वाटतात. मूल दाराशी बसलेलं असतं तेव्हा त्यांचा काही उपयोग होत नाही.

बालतज्ज्ञ कुणा एकाच्या बाजूचा नसतो. तो मुलाचं ऐकून ते बैठकीत मांडतो. मुलाला पढवून पाठवू नका, आणि ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न तर घरात उच्चारूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलाला मत मांडायचा हक्क देतं, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला सांगतं. निकाल द्यायचं ओझं ते मुलावर टाकत नाही. माझ्या मुलीने बालतज्ज्ञाला एकच सांगितलं होतं: ‘कधी जायचं ते मला आधी माहीत हवं.’ ते टिपणात होतं. आम्ही वाचलं, डोळे पुसले, आणि तरी ‘संध्याकाळी’ लिहिलं.

मूल कुणाकडे राहणार हा एक प्रश्न, आणि शाळा, शस्त्रक्रिया, पासपोर्ट यांचे निर्णय कोण घेणार हा वेगळा. दोन्ही वेगवेगळे लिहा. परदेश प्रवासाला दोघांची लेखी संमती, परतीच्या तारखेसह. सुट्ट्या, वाढदिवस, सण: सम वर्षी कुणाकडे, विषम वर्षी कुणाकडे. सुट्टी सुरू कधी होते? शाळा सुटते त्या दिवशी की दुसऱ्या सकाळी? इथेही वेळ.

बैठकीला झोप घेऊन जा. फोन बंद. रडू आलं तर थांबायला सांगा, थांबतात. त्याच दिवशी होकार देऊ नका, रात्र जाऊ द्या.

मसुदा आला की तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि विचारा: शुक्रवारी सव्वासहाला मूल कुठे आहे? कागद वाचून उत्तर आलं नाही तर सही करू नका. फेरआढाव्याची तारीख घाला, मूल वाढतं. मग कोर्टाची मंजुरी. मुलाचं हित पाहून कोर्ट बदल सुचवू शकतं, तेवढी तयारी ठेवा.

आमची दुसऱ्या वेळची ओळ अशी आहे: ‘शुक्रवारी रात्री ७:४५, आईच्या घराच्या दाराशी, मुलीचं जेवण झालेलं असेल. उशीर होणार असेल तर बाबा ७:१५ पर्यंत फोन करून मुलीशी स्वतः बोलतील. ८:३० पर्यंत कुणी आलं नाही तर मुलगी आईकडेच झोपेल आणि शनिवारी सकाळी ९:०० वाजता जाईल.’ मुलीने ती स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरवून बूट ठेवायच्या फळीवर चिकटवली आहे.