नोकरी आधी की ट्रान्झिशन आधी? गावाकडच्या माणसाने दोन्हीचा हिशोब कसा बसवायचा

"ताई, आधी नोकरी पाहू का आधी हार्मोन चालू करू?" दर महिन्याला कोणीतरी हे विचारतंच, कधी आर्णीचं, कधी मेहकरचं, कधी वरुडचं, आणि मी दरवेळी सांगते की बापा, हे असं एकामागे एक नसतंच. ट्रान्झिशन म्हणजे शरीराने, नावाने, कागदाने आपल्या खऱ्या लिंगाकडे जाणं, आणि ते काम तुकड्यातुकड्याने होतं. काही तुकडे जवळजवळ फुकट पण वेळखाऊ, काही महाग, काही साऱ्या गावाला दिसणारे, काही कोणाच्या बापाला कळणार नाहीत असे. नोकरी शोधायचंही तसंच. कोणता तुकडा कशाच्या आधी लावायचा एवढं जमलं की अर्धी चिंता मिटते. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावची ट्रान्स बाई, बीकॉम झाले, दोन सीझन जिनिंगच्या ऑफिसात कापसाच्या गाड्यांच्या काटा पावत्या लिहिल्या, आता नागपुरात बॅक ऑफिसला आहे, आणि खाली लिहिलेला क्रम मी स्वतः उलटा करून पस्तावलेला आहे.

पहिलं काम: बँकेतला मोबाईल नंबर

हसू नका, खरंच हे पहिलं. माझं खातं कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी उघडलेलं आणि त्याला नंबर बाबांचा. अमरावतीला मेडिकलमध्ये पहिल्यांदा हार्मोनच्या गोळ्या घेतल्या, १,४६० रुपये कार्डाने दिले, आणि एसटीने घरी पोचेपर्यंत बाबा ओट्यावर चष्मा लावून मेसेज वाचत बसलेले. "काहून, तब्येत बरी नाही का तुही? चौदाशे साठ रुपयाचं कोणतं औषध आणलं?" मी अ‍ॅसिडिटी म्हणाले. चौदाशेची अ‍ॅसिडिटी. माय चुलीपाशी गप्प बसली होती, तिला तेव्हाच काहीतरी समजलं असावं असं मला आता वाटतं.

तर स्वतःच्या नावाचं सिम घ्या, स्वतःचं नवीन खातं उघडा, पासबुक, चेकबुक घरच्या पत्त्यावर येणार नाही हे पहा, नॉमिनी कोण ते विचार करून टाका. पैसे सरकारी बँकेत किंवा पोस्टात ठेवा. गावच्या पतसंस्थेत व्याज जास्त मिळतं हे मलाही माहीत आहे, पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, आणि शिवाय पतसंस्थेचा क्लार्क तुमच्या काकाचा मित्र असतो. भिशीचंही तेच, पैसा सुटला तरी "कायले पाहिजे" हे दहा जणींना सांगावं लागतं.

पैशाचे तीन ढीग

एकाच खात्यात सगळं ठेवलं की सर्जरीचे पैसे खोलीच्या भाड्यात जातात, म्हणून मी तीन ढीग करते.

पहिला ढीग म्हणजे निघून जायचे पैसे. घरी कळलं आणि उद्या सकाळी बॅग भरावी लागली तर शहरात खोलीचं डिपॉझिट, तीन महिन्याचं भाडं, मेस, मोबाईल रिचार्ज एवढं हातात पाहिजे. मी पहिल्यांदा नागपूरला गेले तेव्हा पगार होता १३,५००, दोघींत खोली, माझ्या वाट्याला २,५००, मेस २,८००, म्हणजे महिना सात-आठ हजारात कसाबसा निघायचा, त्याच्या तिप्पट अधिक डिपॉझिट. हा ढीग भरल्याशिवाय बाकी कशाला हात लावायचा नाही, आणि घरी सांगायचंही नाही. घरचे चांगले असले तरी नाही. सहा महिन्याचा जमला तर उत्तम, पण सोयाबीनला भाव नाही अन् कापूस घरात पडून अशा वर्षी तीन महिन्याचा जमला तरी खूप.

दुसरा ढीग दर महिन्याचा, म्हणजे गोळ्या, रक्त तपासणी, डॉक्टरची फी, आणि प्रवास. प्रवास लोक धरतच नाहीत. गावातून अमरावती, अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी, माझ्या पहिल्या वर्षी एसटीला गोळ्यांएवढेच पैसे गेले. तिसरा ढीग मोठ्या खर्चाचा, तो आरडीत टाका, तो मोडायला दोन दिवस लागले तरी चालतं, उलट बरंच.

कागदं, आणि ती लवकर

कागदाला पैसा कमी, वेळ जास्त लागतो, आणि ते अंगावर दिसत नाही. म्हणून ते नोकरी शोधायच्या आधी, निदान सोबत तरी सुरू करा. २०१४ च्या नालसा निकालानंतर (सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली तो) २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, त्यात जिल्हाधिकाऱ्याकडून ओळख प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, अर्ज केंद्र सरकारच्या ट्रान्सजेंडर पोर्टलवर ऑनलाईन होतो, फी नाही. २०२० च्या नियमात ३० दिवसांची मुदत लिहिलेली आहे, माझं चार महिन्यांनी आलं, तेही दोनदा फोन करून. नियमात बदल होत असतात तर अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर काय मागितलंय ते वाचा, माझ्या किंवा कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. सेतू केंद्रातून भरलात तर तालुक्याच्या गावचं केंद्र टाळा, जिल्ह्याला जा. आपल्या तालुक्यात एक प्रिंट निघाली की संध्याकाळी पारावर पोचते.

मग राजपत्रात नावबदल, मग आधार, मग पॅन, मग बँक. हा क्रम मोडू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि लिंग एकदाच, म्हणून नाव पक्कं झाल्याशिवाय, स्पेलिंगसकट पक्कं, आधारला हात लावू नका, माझ्या एका मैत्रिणीने उत्साहात एक संधी अशीच घालवली. दहावी बारावीच्या मार्कशीटवर बदल होईपर्यंत जुनंच नाव राहतं, तिथे राजपत्राची कॉपी जोडायची, चार कलर झेरॉक्स कायम बॅगेत.

आणि एक, पीएफ. कंपनीत लागताना युएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरवर, जे नाव जातं ते आधारशी जुळलं नाही तर पुढे पीएफ काढताना जीव जातो. म्हणून आधारचा बदल अर्धवट असताना जॉईन होणं शक्यतो टाळा, एकतर पूर्ण जुन्या नावाने जॉईन व्हा नाहीतर पूर्ण नव्या. मी अर्धवट असताना झाले. अजून निस्तरते आहे.

हार्मोन: कधी दिसतं, कधी नाही

इथे मी डॉक्टर नाही, हिशोबापुरतं सांगते. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं हार्मोन, सुरू केल्यावर छातीत फरक साधारण तीन ते सहा महिन्यात सुरू होतो, आवाज बदलत नाही, दाढी जात नाही. टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषाच्या हार्मोनवर, आवाज पहिल्या वर्षातच बसायला लागतो आणि गोळी थांबवून, इंजेक्शन थांबवून तो परत येत नाही. म्हणजे ट्रान्स पोरांना आईशी फोनवर बोलतानाच कळून जातं, ट्रान्स पोरींना थोडी जास्त मुदत मिळते. ही मुदत मोजा आणि त्यात नोकरी शोधा. तुम्ही जर वर्षभरात घर सोडूच शकत नाही तर टेस्टोस्टेरॉन सुरू करताना हे डोक्यात ठेवूनच करा. मूल हवं का नको हेही त्याआधीच डॉक्टरशी बोला, नंतर पर्याय कमी होतात.

स्वस्तात मिळतात म्हणून गर्भनिरोधक गोळ्या मूठभर खाणाऱ्या दोघी मी पाहिल्यात. त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, विडी-सिगारेट असेल तर आणखी. पैसे वाचवायचे तर दाढीचे केस काढायच्या लेझरमध्ये वाचवा, तपासणीत नाही. लेझर काळ्या केसावर चालतं, सहा-आठ सेशन लागतात, मध्ये चार-सहा आठवड्यांचं अंतर, म्हणजे ते हप्त्याहप्त्याने करता येतं, एखाद्या महिन्यात पगार झाला नाही तर एक सेशन पुढे ढकललं तरी आभाळ कोसळत नाही. आणि अंडकोष काढायची सर्जरी झाली की हार्मोन जन्मभर घ्यावे लागतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. म्हणून "सर्जरी झाली की खर्च संपला" असं ढिगात धरू नका.

नोकरी कोणती, कशी

गावात जे काम आहे ते सीझनचं. जिनिंग ऑक्टोबर ते मार्च, संत्र्याची पॅकिंग, सोयाबीनची काढणी, सगळं रोखीने, पीएफ नाही, सुट्टी नाही. ते पहिल्या ढिगासाठी करा, त्यात लाज नाही. पण ट्रान्झिशनसाठी पगार खात्यात येणारी नोकरी लागते, मग ती बुटीबोरी एमआयडीसीत पॅकिंगची असो की नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या कंपनीत कॉम्प्युटरची. कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी पे-स्लिप मागा, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातात का पहा, ते कापले तर दवाखान्याचा हक्क मिळतो.

पहिल्या नोकरीत मी इंटरव्ह्यूलाच सगळं सांगून टाकलं, प्रामाणिकपणाचा किडा होता, तीन आठवड्यांनी "उद्यापासून नका येऊ" असा मेसेज. त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये नोकरीत भेदभाव करता येत नाही असं लिहिलंय, कलम ११ प्रमाणे आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, पण तेव्हा मला ना हे माहीत होतं ना माझ्याकडे ऑफर लेटर होतं, तोंडी कामाची तक्रार कुठे करणार. आता मी सांगते, लेटर हातात आल्यावर एचआरला सांगा, एका माणसाला, ई-मेलवर, आणि त्यात फक्त कामापुरतं लिहा, कागदावर कोणतं नाव आहे, हाक कोणत्या नावाने मारायची, बाथरूम कोणतं. बाकी शरीराची चर्चा करायची गरज नाही. फुकट वकील पाहिजे असेल तर १५१००, विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन. रात्री डोकं फिरलं तर टेलिमानस १४४१६, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, मराठीतही बोलतात. नागपुरात सारथी ट्रस्ट आपल्या लोकांसाठी काम करते.

कंपनीचा मेडिक्लेम असेल तर पॉलिसीच्या कागदात "एक्सक्लुजन ०७" शोधा. बाजारातल्या साध्या पॉलिसीत लिंगबदलाचा खर्च या कोडखाली वगळलेला असतो, काही कंपन्या ग्रुप पॉलिसीत तो काढून टाकतात, हे पगाराच्या दोन हजार फरकापेक्षा मोठं आहे. सरकारची आयुष्मान भारत टीजी प्लस योजना २०२२ मध्ये जाहीर झाली, वर्षाला ५ लाखांचं कव्हर, सर्जरी धरून, पण कोणत्या दवाखान्यात खरंच होतं ते जाऊन विचारल्याशिवाय त्यावर तारीख ठरवू नका.

शेत

हे कोणीच लिहित नाही. घरात भांडण झालं की पहिला कागद पुढे येतो तो हक्कसोडपत्राचा. "सही कर अन् जाय कुठी जायचं तं." रागात, रडत, सुटका म्हणून पोरं सही करतात. करू नका. वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, म्हणजे तुम्ही मुलगा होतात नि मुलगी झालात काय, मुलगी होतात नि मुलगा झालात काय, सातबाऱ्यावरचा वाटा तेवढाच राहतो. माझ्या दोन एकराच्या वाट्यात पऱ्हाटी उभी आहे आणि ती बाबाच पेरतात, मी काही मागत नाही, पण सही केली नाही.

सर्जरीची रजा

छातीच्या सर्जरीनंतर टेबलावरचं काम दोन ते चार आठवड्यांत जमतं, वजन उचलायचं असेल तर सहा आठवडे तरी धरा, खालची सर्जरी असेल तर त्याहून बरेच जास्त, डॉक्टर सांगेल तेवढं. पॅकिंगची नोकरी असेल तर आधीच कामाची जागा बदलून मागा. आणि उन्हाळा टाळा, कोणी काहीही म्हणो. मे महिन्यात ४५ च्या उन्हात, लाईट गेलेली, कूलर बंद, अंगावर ड्रेसिंग, हे मी दुसऱ्याचं पाहिलंय. डिसेंबर-जानेवारी धरा, ऑफिसात सुट्ट्यांची गर्दी असते तर ऑक्टोबरलाच अर्ज टाका.

मी या डिसेंबरचा विचार करते आहे. तिसऱ्या ढिगात अजून अठरा हजार कमी आहेत, मायनं मागच्या आठवड्यात फोनवर हळूच विचारलं, "तिथं थंडी किती असते गं, शाल पाठवू?" आणि रजेच्या फॉर्मवर कारण लिहायला एकच ओळ आहे, ती अजून रिकामी आहे.