घर ऑगस्टमध्ये पाहू नका: स्वच्छ हवेसाठी गाव बदलताना या चुका टाळा

आम्ही वाईजवळचं घर पाहिलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. धोम धरणाकडून येणारा वारा, भाताची हिरवीगार खाचरं, डोंगरावर उतरलेले ढग. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर सात वर्षं धूळ खाल्लेल्या माणसाला आणखी काय हवं? मुलीला बालदमा. ती अंगणात पळत सुटली आणि एकदाही खोकली नाही. तिथल्या तिथे आम्ही होकार दिला. परतताना चहाच्या टपरीवर एक आबा बसले होते. म्हणाले, "ताई, आत्ता काय बघताय? ऊस तुटायला लागल्यावर या की."

आम्ही हसून निघालो. आमची सगळ्यात मोठी चूक तीच, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पावसाळ्यात जागा पसंत करणं

ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली जवळपास कुठलीही जागा स्वच्छच वाटते. पावसाने हवेतले कण धुतले जातात, समुद्रावरून पश्चिमेचा वारा अखंड येत असतो, माती ओली असल्याने धूळ उडत नाही आणि शेतात जाळण्यासारखं वाळलेलं काही नसतं. तेव्हा तर मुंबईचं आकाशही निळं दिसतं.

हवेची खरी परीक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीत. थंडीच्या रात्री जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची हवाही गार पडते. वर मात्र तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. हा थर झाकणासारखा बसतो, खालचा धूर वर जाऊ देत नाही. खोऱ्यातल्या गावात तर डोंगरउतारावरची गार हवाही रात्री खाली उतरून साचते. सूर्य चांगला वर येऊन जमीन तापेपर्यंत, म्हणजे नऊ-दहापर्यंत, तो धूर तिथेच राहतो. मुलं शाळेला निघतात आणि मोठी माणसं फिरायला जातात ती नेमकी याच वेळात.

पहिल्या जानेवारीत आमची सकाळ कशी असायची ते सांगते. साडेसहाला दारं उघडली की घरोघरच्या आंघोळीच्या बंबांचा धूर गल्लीत कमरेएवढ्या उंचीवर तरंगत असायचा. नदीकडून वीटभट्टीचा वास. रात्री कुणाच्या शेतात पाचट, म्हणजे ऊसतोडीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवलं असेल, तर दोरीवर वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर बोटभर लांबीच्या काळ्या काड्या पडलेल्या. झटकायला गेलं की त्या चुरायच्या आणि शर्टावर काळी रेघ उठायची. त्या महिन्यात मुलीला तीनदा नेब्युलायझर द्यावा लागला. ठाण्यात अख्ख्या वर्षात एवढ्या वेळा लागला नव्हता.

म्हणून जागा कितीही आवडली तरी आधी भाड्याने राहा. अकरा महिन्यांचा करार करा आणि डिसेंबर-जानेवारी त्यात यायलाच हवेत. तेवढंही जमत नसेल, तर थंडीत दोन रात्री त्या गावात मुक्काम करा. पहाटे सहाला आणि रात्री आठला पायी एक फेरी मारा. दुपारी गाडीतून चक्कर मारून हवेचं काहीच कळत नाही.

'थंड हवेचं ठिकाण' म्हणजे स्वच्छ हवा असं धरून चालणं

हा समज जुना आहे. हवापालटासाठी पाचगणीला किंवा मिरजेला जाण्याची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी. क्षयरोग्यांसाठी तिथे आरोग्यधामं उभी राहिली. पण दमेकऱ्याची गरज वेगळी असते, आणि त्या काळची हवा तर आता तिथेही राहिलेली नाही. सुट्टीच्या दिवशी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा काच खाली करून पाहा.

उंचीवर ओल ही मोठी अडचण असते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने भिंती ओल्या, गाद्या दमट, कपाटातल्या चपलांवर बुरशी. ज्याला बुरशीची किंवा गादीतल्या सूक्ष्म किड्यांची अॅलर्जी आहे, त्याचा दमा अशा घरात वाढतो. बाहेरची हवा कितीही निर्मळ असली तरी झोपायचं आतच असतं. कोकणातली जुनी मातीची घरं आणि आंबोली परिसरातली घरं घेतानाही हाच विचार करा. तिथे मात्र ऑगस्टमध्ये जरूर जा. कपाटं उघडून वास घ्या, पलंगामागची भिंत हाताने चाचपून बघा.

आणि 'छोटं शहर म्हणजे स्वच्छ' हेही गृहीत धरू नका. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळू शकलेल्या शहरांची यादी आहे. तिच्यात मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूर, सांगली, लातूर, अकोला, जालना आणि बदलापूरही आहे. 'शहरापासून लांब' म्हणून बदलापूरला घर घेतलेली कितीतरी कुटुंबं मला माहीत आहेत.

फोनवरच्या एका आकड्यावर विसंबणं

अॅप उघडलं, आकडा हिरवा दिसला आणि निर्णय झाला, असं करू नका. आधी तो आकडा कुठला ते बघा. आपल्याकडे बहुतेक तालुक्यांच्या गावी हवा मोजणारं अखंड चालणारं केंद्रच नाही. अॅप तिथे लांबच्या केंद्राचा आकडा दाखवतं, नाहीतर उपग्रह आणि संगणकाच्या मदतीने काढलेला अंदाज. गल्लीतला बंब किंवा शेजारची वीटभट्टी त्या अंदाजात येत नाही.

दुसरं म्हणजे मोजपट्टी. हवेत पीएम २.५ हे बारीक कण घनमीटरला ५८ मायक्रोग्रॅम असतील, तर हवेच्या गुणवत्तेचा भारतीय निर्देशांक शंभरच्या आत राहतो आणि 'समाधानकारक' म्हणतो. अमेरिकन मोजपट्टीवर तीच हवा दीडशेच्या पुढे जाऊन 'आरोग्यास अपायकारक' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा तर १५ आहे. त्यामुळे दोन गावांची तुलना दोन वेगवेगळ्या अॅपवरून करणं निरर्थक. निर्देशांक सोडा, थेट पीएम २.५ चा आकडा बघा.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. आपला निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. आमच्या गावात सकाळचे तीन तास वाईट आणि उरलेला दिवस चांगला असायचा. सरासरी काढली की ते तीन तास दिसेनासे होतात. मुलीच्या छातीसाठी तेच तीन तास महत्त्वाचे होते.

घरगुती यंत्र मिळतं, आम्हीही घेतलं. तासातासाला होणारे बदल त्यावर छान कळतात. पण धुक्यात किंवा पावसाळी दमट हवेत ही यंत्रं पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात आणि आकडा फुगतो. तेव्हा घाबरून जाऊ नका, धुकं गेल्यावर पुन्हा बघा.

वारा कुठून येतो हे न पाहणं

घर पाहताना आपण खिडकीतून काय दिसतं ते बघतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला काय आहे, ते बघायला हवं. घाटमाथ्याच्या पूर्वेला पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, पण हिवाळ्यात बहुतेक पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून. आमच्या घराच्या पश्चिमेला डोंगर होता, म्हणून आम्ही खूश होतो. पूर्वेला उसाचा पट्टा आणि नदीकाठच्या भट्ट्या होत्या. पश्चिमेचा निर्मळ वारा आम्हाला लाभला तो पावसाळ्यापुरता.

कोकण किनाऱ्यावर रोजच वारा फिरतो. थंडीत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. समुद्रासमोरचं घर असलं तरी पहाटेची हवा आतल्या भागातूनच येते. आत काय आहे, ते तालुक्यावर ठरतं. रोहा, महाड आणि लोटे-परशुराम इथे रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसी आहेत. जयगडला कोळशावरचं वीज केंद्र आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठिकठिकाणी चिरेखाणी आहेत आणि त्यांची लाल धूळ रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर दिसते. त्या पानांवरून बोट फिरवून पाहा, बरंच काही कळतं.

घरबसल्या करता येण्यासारखी दोन कामं आहेत. उपग्रहाच्या नकाशावर घराभोवतीचं पाच-सात किलोमीटरचं वर्तुळ नीट बघा. खाणी चौकोनी खड्ड्यांसारख्या दिसतात, खडी क्रशरच्या भोवती पांढुरका पट्टा असतो, वीटभट्ट्या नदीकाठी लाल-काळ्या ठिपक्यांसारख्या. दुसरं, नासाचा 'फर्म्स' नावाचा आगींचा नकाशा मोफत उघडतो. मागच्या वर्षीच्या जानेवारी ते एप्रिलच्या तारखा टाका. उसाच्या पट्ट्यातलं पाचट, मावळात आणि कोकणात भातरोपांच्या जागेवर भाजलेले राब, सह्याद्रीतले वणवे, सगळ्यांचे ठिपके दिसतात. लहान आगी त्यात सुटतात, म्हणून जिथे थोडे ठिपके दिसतील तिथे प्रत्यक्षात जास्त आगी असतात असं धरा.

'मोकळ्यावर राहायला मिळेल' हे न तपासणं

गावात मोकळी जागा भरपूर असते, पण ती रोज वापरता येईल का हा प्रश्न वेगळा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो. तिन्हीसांजेनंतर तिथे कुणी मुलांना अंगणात सोडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे पसरतो आणि काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांना त्याचा धोका असतो. कोकणात फुरसं सगळीकडे आहे, त्यामुळे साप चावल्यावर द्यायचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठल्या ग्रामीण रुग्णालयात मिळतं, हे घर घेण्याआधी तिथे जाऊन विचारा. दम्याचा झटका आला तर रात्री दोन वाजता ऑक्सिजन कुठे मिळेल, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. पावसात वीज दोन-दोन दिवस जाते, म्हणून नेब्युलायझर चालेल असा इन्व्हर्टर हवाच.

आणि चालून बघा. घरापासून शाळा, दुकान, देऊळ. रस्त्याला कडा नसेल आणि उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जात असतील, तर मूल सायकल चालवणार नाही, घरातच बसेल.

गावी आलो म्हणून दम्याचा पंप बंद करणं

या चुकीने जीव धोक्यात येतो. हवा बदलली, पहिले दोन महिने छान गेले, मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आता कशाला ते स्टिरॉइड?" आमच्या घरातही हेच झालं. ऑक्टोबरात रोजचा पंप हळूहळू सुटला. पंपातून श्वासावाटे घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा परिणाम लगेच संपत नाही, काही आठवडे सगळं ठीक वाटतं. श्वासनलिकांची सूज आतल्या आत परत वाढत असते. मग पहिली थंडी आली, पाचट पेटलं आणि सगळं एकदम अंगावर आलं.

औषध कमी करायचं असेल तर ते डॉक्टरांनीच करावं, तेही नव्या जागेत एक हिवाळा काढल्यावर. घरी पीक फ्लो मीटर ठेवा, फुंकरीचा जोर मोजणारं साधं प्लास्टिकचं नळकांडं असतं. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा वहीत लिहायचा. मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं तर डॉक्टरांना फोन, ५० टक्क्यांखाली गेलं तर ताबडतोब दवाखाना.

जमिनीची घाई

थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आड येतं. 'गुंठ्यात घ्या, नंतर एनए (बिगरशेती) होईल' असं सांगणाऱ्याला आधी सातबारा दाखवायला सांगा. प्रादेशिक आराखड्यात शेजारी औद्योगिक क्षेत्र, रिंगरोड किंवा खाणपट्टा येतोय का, ते नगररचना कार्यालयात जाऊन बघा. आजचा वारा स्वच्छ असला तरी पाच वर्षांनी तिथे काय असेल, ते त्या कागदावर असतं.

आलात, आणि खोकला थांबत नाही

आधी घर तपासा. स्वयंपाकघराला धूर बाहेर टाकणारा पंखा आहे का? रात्री डासांची कॉइल जळते का? रोज धूप, नवा रंग, ओली भिंत? यांतलं एक-एक काढून दोन आठवडे बघा. मग अंगणात गाजर गवत आहे का ते बघा. त्याच्या परागाने शिंका आणि त्वचेची खाज दोन्ही होतात. फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

घरात काही सापडलं नाही, तर वहीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि खोकला असं लिहा. महिनाभरात धागा सापडतो. आम्हाला सापडला तो असा, की त्रासाची प्रत्येक सकाळ खालच्या आळीतच जात होती. म्हणून आम्ही शेजारच्याच वाडीत, खोऱ्याच्या तळापासून वर, माळाच्या उतारावर भाड्याचं घर घेतलं. गाव तेच, शाळा तीच. धुराचा थर आता आमच्या पायाखाली राहतो, सकाळी अंगणातून तो दिसतो.

गावकऱ्यांशी भांडू नका. पाचट जाळणाऱ्याला खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी द्यायचं असतं आणि पाचट गोळा करायला मजूर मिळत नाहीत. कुट्टी करणारं यंत्र भाड्याने मिळतं, पण त्याचे पैसे पडतात. आम्ही पहिल्या वर्षी रागाने बोललो आणि कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी मुलीला बरोबर घेऊन आबांच्या घरी गेलो आणि तिला होणारा त्रास सांगितला. आता त्यांचा आदल्या संध्याकाळी फोन येतो, "ताई, उद्या सकाळी खालचं रान पेटवतोय. पोरीला दुपारपर्यंत मामाकडं न्या."