हद्दवाढ भागातले रस्ते किती जुळलेत, हे कसं मोजायचं

सोलापूरच्या पेठांत बोळाबोळांतून माणूस कुठेतरी निघतोच. नव्या कॉलनीत चुकलात तर बऱ्याचदा गाडी वळवूनच यावं लागतं. हा फरक आकड्यात मांडता येतो. त्यासाठी क्यूजीआयएस (नकाशे हाताळायचं मोफत सॉफ्टवेअर), ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून काढलेला मोफत नकाशा) आणि एक मोकळा रविवार पुरतो.

सगळ्या शहराची सरासरी काढू नका. १९९२ च्या हद्दवाढीने महापालिकेचं क्षेत्र साधारण ३३ वरून १७८ चौ. किमीवर गेलं. जुनं-नवं एकत्र मोजलं, तर आज काय बांधलं जातंय ते त्यात दबून जातं. एकेक चौ. किमीचे तीन तुकडे घ्या: जुन्या शहरातल्या शुक्रवार पेठेचा परिसर, नंतर वसलेलं जुळे सोलापूर आणि जिथे प्लॉटचे दगड आत्ता रोवले जाताहेत अशी शहराची कड. कोणता रस्ता कधी उमटला, हे गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवरून कळतं.

आता प्रत्येक नाक्याला किती फाटे फुटतात ते मोजा. रस्ता संपला तर १, तिठा ३, चौक ४. नुसतं वळण असेल तर तो नाका नव्हे. समजा १२ जागी रस्ता संपतो, २२ तिठे आणि ६ चौक आहेत. फाट्यांची बेरीज १०२, भागिले ४० नाके, म्हणजे २.५५. नुसत्या चौकांची जाळी असेल तर हा आकडा ४ येतो. झाडाच्या फांद्यांसारखी, कुठेच परत न जुळणारी रचना असेल तर २ च्या खाली.

चुका इथे होतात. तुकड्याच्या कडेला कापलेला रस्ता संपल्यासारखा दिसतो, म्हणून २०० मीटर बाहेरपर्यंतचा नकाशा उतरवा आणि मोजणी मात्र आतलीच करा. दुभाजकाचा रस्ता दोन रेघांनी काढलेला असतो, त्यामुळे असे दोन रस्ते छेदतात तिथे एकाच चौकाचे चार नाके होतात. ते एक करा. रेल्वेवरचा पूल खालच्या रस्त्याला चिकटलेला नाही ना, तेही बघा. आणि पेठांतले बोळ नकाशात बऱ्याचदा नसतात. ते पायी फिरूनच भरावे लागतात, नाहीतर पेठ उगाच नापास होते.

रुंदीला भुलू नका. १२ मीटरचा रस्तासुद्धा कंपाउंडच्या भिंतीला जाऊन थडकतो. कारण साधं आहे: दोन शेजारच्या गटांचे (जमिनीच्या तुकड्यांचे) लेआउट वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मालकांचे मंजूर होतात आणि रस्ता बांधावर थांबतो. पुढे तिथे घर उभं राहिलं की तो उघडणं जवळपास अशक्य.

म्हणून अशा भिंतींची वेगळी यादी करा. भिंतीअलीकडच्या घरापासून पलीकडच्या घरापर्यंतचं सरळ अंतर आणि चालायचं अंतर लिहा. ४० मीटरसाठी ८०० मीटर चालावं लागत असेल, तर गुणोत्तर २० झालं. चौकोनी जाळीत एका नाक्यापासून दुसऱ्या नाक्यापर्यंत ते १.४१ च्या वर जात नाही. पलीकडचा गट अजून मोकळा असेल तर त्याचा लेआउट मंजूर होण्याआधीच ही नोंद, गट नंबर आणि फोटोसह, नगररचना विभागात द्या आणि पोच घ्या.