ठाणे खाडीत गळ टाकताय, कायाक काढताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी 7 ला पाण्यात, 11 ला घरी. खाडीवर जाणाऱ्या नवख्यांचा बेत बहुतेक असाच ठरतो, आणि पुढच्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. वन विभागाच्या ऐरोलीच्या केंद्रातून निघणाऱ्या फ्लेमिंगो सफरीची वेळ रोज बदलते ती त्यामुळेच.

पंचांग घरात असेल तर जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. संकष्टीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी 3 च्या सुमारास. अष्टमीला 6. हा आकडा मुंबई बंदराचा. आत ऐरोली-कळव्याकडे पाणी जरा उशिरा चढतं. बेत आखायला एवढं पुरतं, पण निघण्यापूर्वी अपोलो बंदराचा भरतीचा तक्ता पाहाच. तो मोबाइलवरही मिळतो.

नुसती वेळ पाहणं ही त्यापुढची चूक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तो दोनच्या आसपास राहतो. उधाणाला तेवढ्याच सहा तासांत दुप्पट पाणी हलतं, त्यातलं निम्मं तिसऱ्या-चौथ्या तासात. अशा वेळी वाशी पुलाच्या खांबांजवळ किंवा डोल जाळ्यांच्या (प्रवाहात बांधून ठेवलेल्या जाळ्यांच्या) खुंट्यांजवळ कायाक नेऊ नका. प्रवाह तुम्हाला आडवं करून त्यांच्यावर दाबतो. पहिल्या काही खेपा भांगाच्या दिवसांतच करा. भरतीचे शेवटचे दोन तास राहिले की निघा, चढत्या पाण्याबरोबर ठाण्याच्या दिशेने जा आणि पाणी फिरलं की लगेच परता. उतरण्याच्या जागी चिखल उघडा पडायच्या आत पोचायचंय, हे विसरू नका.

उशीर झालाच आणि कायाक चिखलात बसली, तर खाली उतरू नका. ‘किनारा तर समोरच आहे’ म्हणून पाय टाकणारे गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततात, आणि जितकी धडपड करावी तितका पाय आत जातो. पाणी आणि टोपी जवळ असेल तर भरती येईपर्यंत होडीतच बसून राहणं शहाणपणाचं, भले चार तास जावोत. पाय रुतलाच असेल तर मागे रेलून अंगाचा भार पसरवा आणि एकेक पाय हळूहळू मोकळा करा.

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. उतरतं पाणी आणि समोरचा वारा एकत्र आले की लाटा आखूड आणि उंच होतात. नवख्याने त्याआधी काठ गाठावा. लाइफ जॅकेट पायाशी ठेवायची वस्तू नव्हे, एवढंच सांगतो. पावसाळ्यात कायाक घरीच राहू द्या.

हद्दीचं भान बहुतेकांना नसतं. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधे पश्चिम काठालगत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 साली जाहीर झालेलं. 2022 पासून ठाणे खाडी रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे शिरू नका. सारसोळे, दिवाळे, ऐरोलीच्या कोळीवाड्यांतल्या जेटीवर उतरताना आधी विचारा. जाळी कुठे लावली आहेत हेही तिथेच कळेल.

आता गळ. ‘मासे लागतच नाहीत’ ही तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, पाणी हलत होतं का? पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीला प्रवाह थांबतो तेव्हा गळाला सहसा काही लागत नाही. जिताड्यासाठी तर हलतं पाणी हवंच. दुसरं कारण शिसं, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. जड शिसं इथल्या मऊ चिखलात बुडतं, सोबत कोलंबीचं आमिषही, आणि ते चिंबोऱ्या फस्त करतात. शिसं हलकं करा, गळ त्याच्यापासून हातभर लांब ठेवा किंवा वर तरंगतं बूच बांधा. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तिवरांच्या मुळांत अडकला तर झटके देऊ नका, थोडा ढिला सोडून दुसऱ्या बाजूने ओढून पाहा. नाहीच सुटला तर जमेल तेवढा गोळा करून आणा, पक्ष्यांचे पाय त्यात गुंततात.

शिंगाळा लागला तर उघड्या हाताने धरू नका. पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या त्याच्या काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडे जा. कालवांनी पाय कापला तरी जाच; या खाडीत सांडपाणी येतं, साधी जखमही चिघळते.