पावसाळ्यात शाफ्टला आर्क स्प्रे करताना

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की झिजलेले पंप-शाफ्ट आमच्या शिरोलीच्या शेडवर येऊ लागतात. म्हणजे आर्क स्प्रेचं (विजेच्या आर्कनं धातूची तार वितळवून हवेच्या झोतानं झिजलेल्या जागी थर, म्हणजे कोटिंग, फवारायचं) काम ऐन पावसात, आणि कोटिंगचा खरा वैरी ओलावा.

सगळे आधी म्हणतात, "बेअरिंग सीटला (शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागेला) वेल्डिंग मारा." वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्ट वाकतो. स्प्रे करताना जॉब १५० अंशांच्या आत ठेवता येतो. पण आधी डाय पेनिट्रंट (तडा उघड करणारं रंगीत द्रव) मारून बघाच. तडा दिसला तर जॉब परत करा, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. कोटिंगनं माप भरतं, ताकद येत नाही.

झिजलेला भाग लेथवर व्यासात १ ते १.५ मिमी उतरवा. कडा काटकोनी नको, ४५ अंशांचा उतार द्या. काटकोनी कोपऱ्यात धूळ साठते आणि पोपडा तिथूनच सुटतो. तेल-ग्रीस पुसल्याशिवाय ब्लास्टिंग (हवेच्या झोतानं टोकदार कण मारून जागा खरखरीत करणं) नाही. २४ नंबरची ॲल्युमिना ग्रिट मारा, कुठंही चमक उरता कामा नये. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही.

गन जोडण्याआधी हवेच्या पाइपसमोर मिनिटभर पांढरा कागद धरा. तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका दिसला तर आधी कॉम्प्रेसर आणि फिल्टर बघा. जुलैत हे रोज करावं लागतं.

ब्लास्टिंगनंतर तासाभरात स्प्रे सुरू व्हावा. तांबूस छटा आली की पुन्हा ब्लास्टिंग. जॉब १०० अंशांच्या आसपास तापवा, पण गॅसची ज्योत ब्लास्ट केलेल्या जागी थेट धरू नका. ज्योतीतली वाफ थंड लोखंडावर पाणी होऊन बसते! शेजारच्या भागावर धरा.

हवा पुरवणारा मास्क, काळी काच, कानाला मफ. पहिला पातळ थर ९५:५ निकेल-ॲल्युमिनियमचा, त्यावर १३ टक्के क्रोमची ४२० स्टेनलेस वायर. अंतर १०० ते १५० मिमी, गन काटकोनात आणि सतत सरकती. ग्राइंडिंगसाठी व्यासात शेवटच्या मापापेक्षा ०.५ मिमी जास्त चढवा. आपोआप गार होऊ द्या, पाणी मारू नका.

मग सीलर (छिद्रं बुजवणारं द्रव), आणि हिरव्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) चाकानं हलका कट घेत, भरपूर कूलंट सोडून ग्राइंडिंग. बारीक छिद्रं दिसतील, ती चालतात. कडेला केसाएवढी जरी रेघ उठली, तरी सगळं उतरवून ब्लास्टिंगपासून पुन्हा लागा.