कॉकपिटमध्ये किलोमीटर शोधू नका

इंदूरला फ्लाइंग शिकायला आलेली बरीच मुलं सुरुवातीला एकाच खटपटीत असतात: नॉट्सचे किलोमीटर करायचे आणि फुटांचे मीटर. गाडीचा स्पीडोमीटर बघत मोठं झाल्यावर किलोमीटर जवळचा वाटणारच, मलाही वाटायचा. पण हवेत असा गुणाकार करत बसलात तर बाहेर बघायचं राहून जातं.

नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. तो 1852 मीटरचा, म्हणजे अक्षांशाच्या जवळपास एका मिनिटाएवढा (हे मिनिट वेळेचं नाही, अंशाचा साठावा भाग). आपला विमानतळ 22 अंश 43 मिनिटांवर आहे, उज्जैन 23 अंश 11 मिनिटांवर आणि जवळजवळ सरळ उत्तरेला. वजाबाकी केलीत की अंतर हातात येतं, 28 नॉटिकल मैल. 90 नॉट्स म्हणजे मिनिटाला दीड मैल, तेव्हा वारा नसेल तर अठरा-एकोणीस मिनिटांत क्षिप्रा दिसायला हवी. हाच हिशेब ताशी 167 किलोमीटर धरून तोंडी करून बघा!

उंचीचंही तसंच. इथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1850 फुटांवर आहे. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने दिलेला हवेचा दाब, लावला की जमिनीवर उभ्या विमानातही अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारा डायल, साधारण तेवढंच दाखवतो. सर्किट, म्हणजे विमानतळाभोवतीची ठरलेली फेरी, त्याच्यावर हजार फूट, म्हणजे 2850. दृश्यमानता आणि धावपट्टीची लांबी मात्र आपल्याकडे मीटरमध्येच सांगतात; ती मीटरमध्येच लक्षात ठेवा.

इंधनाला रूपांतर टाळता येत नाही, म्हणून ते जमिनीवर, कागदावर करा आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. 20 अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे 76 लिटर, आणि ॲव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) असेल तर वजन साधारण 54 किलो किंवा 120 पाउंड. 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये किलोच्या जागी पाउंडांचा हिशेब झाला आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी ते विमान कॅनडातल्या गिमली गावाच्या जुन्या धावपट्टीवर ग्लायडरसारखं उतरवलं, ही त्यांची कमाल.

आणि विमान बदललं की डायलवरचं बारीक अक्षर आधी वाचा. जुन्या सेसना विमानांमध्ये वेग ताशी मैलांत असतो. तिथे 65 नॉट्सच्या सवयीने काटा 65 वर ठेवून अप्रोच केलात, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे आलात, तर प्रत्यक्षात तुम्ही 56 नॉट्सवर असता, स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, बरेच जवळ.